इथपर्यंतच संथा झालीय

रविवारी सौदे नसतात. त्यामुळे सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्यातल्या एकाच्या वडिलांची जी हळदीची अडत आहे, तिच्या माळ्यावर आम्ही पाच जण दुपारी दोनला जमतो आणि दिवेलागणीपर्यंत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. खाली पोती, वर आम्ही. फासे पांढरे मागवले होते, दोन महिन्यांत पिवळे पडले. त्यात भडंगाचं तेल. वीस बाजूंच्या फाशावर एक आला की दोष भडंगाला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. तो मी. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. मी प्रसंग सांगायचा, त्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. आमच्यात एक प्राथमिक शाळेतले मास्तर आहेत. त्यांना हे समजावताना मी विष्णुदास भाव्यांचा दाखला दिला. १८४३ साली याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झालं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचायची. मास्तर म्हणाले, “मग हे आपल्याच गावचं की. उगाच अमेरिकेचं नाव.”

तर पात्रं निवडायची वेळ आली. गॅरेजवाल्याने लढवय्या घेतला, अडतवाल्याच्या पोराने चोर, माझ्या मावसबहिणीने जादूगार, मास्तरांनी जंगलातला वाटाड्या. क्लेरिक कुणीच घेईना. क्लेरिक म्हणजे देवाचा माणूस, जखमा भरणारा. गल्ली क्रिकेटात किपिंग कुणी करायचं, तशातला प्रकार. सगळ्यांना तो टीममध्ये हवा असतो, आपण सोडून दुसरा कुणीतरी.

अशा वेळी डीएमने आपल्या पदरचं एक पात्र सोबत द्यायचं, ही जुनी पळवाट. पाचव्या आवृत्तीच्या राक्षसांच्या पुस्तकात मागच्या बाजूला साध्या माणसांचीही आकडेवारी आहे, त्यात ‘अ‍ॅकोलाइट’ म्हणजे शिकाऊ पुजारी सापडला. ९ हिट पॉइंट (म्हणजे घाव सोसायची ताकद), हातात सोटा, आणि पहिल्या पातळीचे तीन मंत्र: आशीर्वाद, जखम भरणं, अभय. दिवसाला तीन वेळा. मी त्याला ब्रदर अल्डरिक असं भारदस्त नाव दिलं आणि पाठवला.

तो मलमाचा डबा झाला. पहिल्या तीन रविवारांत त्याच्याशी कुणी एक वाक्य बोललं असेल तर शपथ. लढाई संपली की गॅरेजवाला हात पुढं करायचा, “ए, लाव रे.” मी आठ बाजूंचा फासा टाकायचो, वर दोन मिळवायचे, तेवढी जखम भरली. पुढं चला. नाव तर कुणाच्या तोंडी बसलंच नाही. अडतवाला त्याला ‘अल्टरेशन’ म्हणायचा.

मग मी उलट्या बाजूला पडलो. चौथ्या रविवारी अल्डरिकला बोलायला लावलं. पडक्या देवळाचा इतिहास त्याला माहीत, शिलालेख त्याला वाचता येतो, कुठल्या दारामागे काय असेल याचा अंदाजही त्यालाच. मला वाटलं, आता पात्र रंगतंय. झालं असं, की प्रत्येक दारापाशी चौघं थांबायची आणि त्याच्याकडे बघायची. म्हणजे माझ्याकडे. शेवटी मावसबहीण म्हणाली, “दादा, हा तुझाच आवाज आहे. तू सरळ सांगून टाक ना, वेळ वाचेल.” त्याच दिवशी लढाईत शत्रूकडचा सांगाडा विरुद्ध अल्डरिक अशी जोडी लागली, आणि दोघंही चालवणारा मीच. मीच फासा टाकतोय, मीच चुकतोय, मीच मारतोय. वर बघितलं तर चौघांचे मोबाईल बाहेर.

भरीला मी त्याला सिनेमातल्या भटजीसारखा अनुनासिक आवाज काढायचो. लोक हसायचे म्हणून काढत राहिलो. एकदा खेळ संपल्यावर गॅरेजवाला फासे गोळा करता करता म्हणाला, “आम्ही गुरव आहोत, ठाऊक आहे न्हवं? तासगावकडं गावात आमची देवळाची पाळी असती.” रागावून नव्हे, सहज म्हणाला. “आमच्यात बारकं पोरगं मंत्र-बिंत्र काय म्हणत न्हाई. चिंच घिऊन घंटा पुसतं, समया पुसतं, बेल निवडतं. किडका बेल चालत न्हाई. दोन वर्सं निस्ता बेल निवडलाय मी.”

मी घरी येऊन त्या रात्री अल्डरिकचा कागद फाडला.

पुढच्याच आठवड्यात आत्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, विश्रामबागेत. गुरुजींबरोबर तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आला होता. धोतर नवं, कडक, ते सावरण्यातच त्याचा निम्मा जीव. मी पाहुण्यांत बसायचं सोडून त्याच्याकडेच बघत बसलो. आत्याला वाटलं मला अचानक धर्मबुद्धी झाली.

मांडणी त्याच्याकडे होती. पाटावर तांदळाच्या नऊ राशी घातल्या, प्रत्येक राशीवर सुपारी. आठ झाल्या आणि नववी सापडेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून बोटाने मोजलं, मग उपरण्याखाली बघितलं. सुपारी त्याच्याच मुठीत होती. विड्याची पानं मांडली, गुरुजींनी नुसतं बघितलं, मंत्र न थांबवता. पोराने पटकन पानं फिरवून देठं देवाकडे केली. पुण्याहवाचनात उत्तरं द्यायला दुसरा माणूस लागतो, ते काम त्याचं. “पुण्याहम्” म्हणताना आवाज फुटायचा, म्हणजे पहिलं अक्षर मुलाचं आणि शेवटचं बापाचं. बाकी मंत्रांत तो गुरुजींच्या अर्धी पावली मागे चालत होता आणि ओळीचा शेवट आला की एकदम ठणठणीत व्हायचा. शाळेत प्रार्थनेला आपण करायचो तसंच.

मधेच गुरुजींना महत्त्वाचा फोन आला आणि ते गॅलरीत गेले. काका सोवळ्यात ताटकळत बसलेले, हातात पळी. ते अगदी आदराने म्हणाले, “गुरुजी, तुम्ही चालू ठेवा की तोवर.”

मुलगा लाल झाला. ताम्हणाकडे बघत म्हणाला, “काका, माझी इथपर्यंतच संथा झालीय.”

संथा म्हणजे पाठ. गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा म्हणायचं, पुस्तक नाही. तोंडातून कानात आणि कानातून तोंडात. जेवढी संथा झाली तेवढं तुमचं. पुढची ओळ तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. त्या मुलाला पुढचं येत नव्हतं असं नाही कदाचित, शंभरदा ऐकलं असेल. पण दिलेलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत त्याने चार जिलब्या खाल्ल्या. पाचवी घेऊ का, असं डोळ्यांनी गुरुजींना विचारलं, गुरुजींनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

मला माझा शिकाऊ पुजारी मिळाला होता. पण पुस्तकातल्या अ‍ॅकोलाइटला तीन मंत्र येतात त्याचं काय करायचं? या खेळाची पहिली आवृत्ती गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढली. पात्रांचे प्रकार तीनच: लढवय्या, जादूगार, क्लेरिक. या तिसऱ्याच्या जन्माची कथा मजेशीर आहे. अर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हँपायर होऊन बसलं होतं, सर फँग नावाचं, आणि ते कुणालाच आवरेना. त्याला उतारा म्हणून देवाचा माणूस आणला गेला. म्हणजे मुळात हा वैद्य नव्हताच, मांत्रिक होता, पिशाच्चं पळवणारा. आणि त्या पहिल्या नियमांत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला एकही मंत्र नाही! पहिला मंत्र दुसऱ्या पातळीला, १,५०० अनुभव-गुण झाल्यावर. पातळ्यांना पदव्याही होत्या. पहिलीला अ‍ॅकोलाइट, तिसरीला गावचा पुजारी, सहावीला बिशप, सातवीला चक्क लामा. बिशपला बढती मिळाली की लामा कसा होतो हे मला अजून उमगलेलं नाही, पण ते असो.

मंत्र शून्य. फक्त पिशाच्चांना हटकायचा हक्क, तोही फाशांच्या भरवशावर: सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, सांगाडा असेल तर सात किंवा जास्त हवेत, चालतं मढं असेल तर नऊ, प्रेतं खाणारा घूल असेल तर अकरा. दोन फाशांच्या ३६ शक्यता. सातला त्यातल्या २१ लागू पडतात, नऊला १०, अकराला फक्त तीन. मी खेळत होतो पाचव्या आवृत्तीत, पण या पोराला हे जुने कपडे चढवले. नियम मिसळल्याबद्दल शुद्धतावाद्यांनी मला माफ करावं किंवा करू नये.

एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्याला नव्याने लिहिलं. नाव बाळंभट. नदीकाठच्या सातघाट नावाच्या गावात दिवेआईचं देऊळ, तिथं रात्रीचा दिवा सांभाळणं हे याचं काम. मोठे गुरुजी पावसाळ्याआधी वरच्या अंगाला निघून गेलेत. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं की गाव हलवायचं, हे त्याला ठाऊक आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं, तिथून उचललं. एक पळी तेलावर दिवा एक घटका जळतो, हेही त्याला ठाऊक. घटका म्हणजे २४ मिनिटं. चिंचेने पितळ लख्ख करतो. देवळाचा इतिहास विचारलात तर त्याला काहीच सांगता येत नाही. आणि त्याची संथा दोन ओळींची:

पायरी-पायरी पाणी चढे,
दिव्यामागे काळोख दडे.

पुढं? पुढची संथा व्हायची आहे. खरं सांगायचं तर मीही ती लिहिलेली नव्हती. गरज पडेल असं वाटलंच नाही.

दोन गोष्टी मी स्वतःवर बंधन म्हणून घातल्या. एक, त्याचे फासे मी टाकायचे नाहीत. त्या वेळी भडंगाची परात ज्याच्यासमोर असेल त्याने टाकायचे. दुसरी, कुठल्या दाराने जायचं या विषयावर त्याने तोंड उघडायचं नाही.

पहिल्याच रविवारी फरक दिसला, पण मी योजला होता तिथं नव्हे. मला वाटलं होतं लोकांना त्याची दया येईल. त्यांना त्याचा दिवा आवडला. तळघरात उतरण्याआधी मास्तरांनी विचारलं, “बाळंभट, तेल किती आहे?” मी म्हणालो, सहा पळ्या. मास्तरांनी लगेच हिशेब मांडला: सहा घटका, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं, अर्ध्यात परत फिरायचं. तेव्हापासून आमच्या खेळात पहिल्यांदा वेळ आली. एरवी लोक तळघरात बेमुदत हिंडायचे, आता दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारायचं, “किती पळ्या उरल्या?” अडतवाल्याने, म्हणजे चोराने, गुपचूप त्याच्या झोळीतून दक्षिणेचे पैसे लांबवले. पोराने रात्री मोजले, पुन्हा मोजले, आणि कुणाला काही न बोलता झोळीचं शिवण तपासत बसला. एवढंच मी सांगितलं आणि पुढं सरकलो. पुढच्या रविवारी चोराने ते पैसे परत टाकले, वर एक नाणं जास्त. मावसबहीण त्याला आठवडाभर चिडवत होती.

आणि ती दोन ओळींची संथा. बाळंभट दिवा लावताना दर वेळी म्हणणार, म्हणून मी दर वेळी म्हणायचो. चौथ्या-पाचव्या खेपेला बघतो तर मी पहिली ओळ सुरू केली की दुसरी टेबलावरून यायची, शेवटी एकदम ठणठणीत. मी एकदा म्हणत होतो, ते दोनदा म्हणत होते. ठरवून केलेलं नव्हतं.

मग घाटावरची रात्र आली. सातव्या पायरीला पाणी, आणि पाण्यातून जुन्या पुरात बुडालेली मढी वर चढायला लागली. म्हणजे नऊ हवेत. परात गॅरेजवाल्यासमोर होती. लढवय्या पुढं उभा, मागे बाळंभट दिवा धरून. दोन ओळी म्हटल्या. फासे पडले: पाच आणि तीन.

आठ. एकाने गेलं.

मी बाळंभटाचं वाक्य म्हणालो. आवाज न बदलता, माझ्याच आवाजात. “माझी इथपर्यंतच संथा झालीय.” खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही. मग अडतवाला म्हणाला, “आरं मग परत पहिल्यापासनं म्हण की!”

असा काही नियम माझ्याकडे नव्हता. तिथल्या तिथं ठरवलं: म्हणता येईल, पण दर आवर्तनाला पाणी एक पायरी वर. त्यांनी म्हणायला लावलं. सहा आले. पाणी आठव्या पायरीला. पुन्हा. सात. पाणी नवव्या पायरीला, आणि लढवय्या पडला.

पाचव्या आवृत्तीत पात्र शून्यावर आलं की मरणाशी फासे सुरू होतात. वीसच्या फाशावर दहा किंवा जास्त आले तर एक पाऊल जगण्याकडे, कमी आले तर एक मरणाकडे. ज्या बाजूची तीन आधी होतील ती खरी. गॅरेजवाल्याची दोन मरणाकडची झाली होती. बाळंभटाला जखम भरायचा मंत्र येत नाही. पण अ‍ॅकोलाइटच्या आकडेवारीतली एक गोष्ट मी राहू दिली होती, शुश्रूषा, अधिक चार. फडकं बांधून रक्त थांबवायला एकूण दहा लागतात, म्हणजे फाशावर सहा. चारांत तीन वेळा जमेल. मात्र त्यासाठी दिवा खाली ठेवावा लागणार, आणि म्हणणं थांबवावं लागणार.

एरवी मी ठरवलं असतं. त्या दिवशी ठरवेना. विचारलं, “हा काय करील?”

मास्तर म्हणाले, “पोरगं आहे. पळेल ते.” मावसबहीण म्हणाली, “पळणार नाही, पण म्हणतच राहील. त्याला तेवढंच येतं ना.” अडतवाला दोघांवर ओरडला. गॅरेजवाला, ज्याचा माणूस मरत होता, तो परातीतलं भडंग उगाच एका बाजूला सारत बसला होता. म्हणाला, “दिवा ठिवंल त्यो. आधी पुसंल, मग ठिवंल. खाली वल्लं आसंल तर दिवा ठिवत न्हाईत.”

मी तेच सांगितलं. बाळंभटाने उपरण्याने पायरी पुसली, दिवा ठेवला, तेच उपरणं फाडून लढवय्याच्या मांडीला बांधलं. फासा मास्तरांनी टाकला, चौदा. लढवय्या वाचला. दिवा पाण्यात गेला. खालचं देऊळ गेलं, आम्ही हरलो, आणि चौघं त्या दोघांना ओढत गावाबाहेर पळाले. चौघं म्हणजे तिघंच, पण त्या दिवशी टेबलावर मोजणी थोडी गडबडली होती.

मला वाटलं होतं या हारीनंतर ते डोंगरातल्या ड्रॅगनकडे वळतील. दोन महिने मी तो ड्रॅगन रंगवत होतो, त्याच्या गुहेचा नकाशा ग्राफ पेपरवर काढून तयार आहे. पुढच्या रविवारी बसल्या बसल्या गॅरेजवाला म्हणाला, “ह्याला पुढची संथा कोण देणार?” आणि संपलं. तेव्हापासून ते नदीच्या वरच्या अंगाला मोठ्या गुरुजींना शोधत निघालेत. ड्रॅगन गुहेत बसून आहे.

अनुभव-गुणांची वही आता मावसबहीण ठेवते. बाळंभटाचे १,३८० झालेत. दुसऱ्या पातळीला त्याला कुठला मंत्र मिळावा यावर गेल्या रविवारी पाऊण तास वाद झाला. मी धरून चाललो होतो की जखम भरण्याचाच मागतील, तीन महिने तेच तर हवं होतं. गॅरेजवाल्याचं म्हणणं दिव्याचा द्या, ओल्यात न विझणारा. अडतवाल्याला अभय हवंय. निकाल लागला नाही.

राहिली तिसरी ओळ. ती मला लिहायला हवी, मोठे गुरुजी सापडले की लगेच लागेल. दोनदा प्रयत्न केला. जे सुचतं ते भेटकार्डावरच्या कवितेसारखं वाटतं. परवा रात्री मास्तरांचा फोन आला. म्हणाले, तिसरी ओळ मी लिहिलीय. मी म्हटलं, मास्तर, सांगा की. तर म्हणतात, तुम्हाला कशाला? परात माझ्यासमोर असताना फाशांवर नऊ आले, तर तिथंच म्हणेन.